बारीचा बाप

माझा भाऊ मोलू याच्याशी बोलायचं असेल तर आधी मनगट पुढे करावं लागे. विहिरीच्या तोंडाशी बाभळीखालच्या दगडावर तो बसलेला असायचा आणि भोवती ही गर्दी. कुणाची गाय गाभण, कुणाची वासरं आडवी पडलेली, कुणाला लांबचा पल्ला गाठायचाय, कुणाचा उंट बिथरलाय. सगळे एकदम बोलणार! मोलू त्यातल्या एकाचं मनगट धरायचा. ज्याचं मनगट हातात त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी तोंडं मिटायची. त्याचं पुरतं सांगून झालं की ते सोडायचं आणि दुसरं धरायचं. मी म्हणायचे, "वैद्य झालास काय रे, नाड्या बघतोयस त्या?" तर म्हणायचा, "आक्का, कान दोनच आहेत. त्यातला एक मला खाली लागतो."

खाली म्हणजे विहिरीत. आम्ही बोराना, गुरांमागे फिरणारी माणसं; आमच्या विहिरीला पोहरा सोडून चालत नाही. गुरांसाठी वरून लांब उतार खणलेला, उताराच्या टोकाला गुरांनी प्यायच्या मातीच्या डोणी, आणि डोणींच्या पुढे सरळ खाली जाणारा खड्डा. त्या खड्ड्यात माणसं एकाखाली एक कपारीत पाय रोवून उभी राहतात आणि पाण्याचे कॅन खालचा वरच्याकडे फेकतो. सगळं गात गात. गाण्याचा ठेका चुकला की कॅन हुकतो, आणि हुकलेला कॅन खालच्याच्या टाळक्यात. मोलू वर बसून भांडणं ऐकायचा, पण एक कान कायम त्या गाण्यावर. ठेका जरा ओढला की हात वर करायचा आणि म्हणायचा, "मधला माणूस दमलाय, बदला." उठून बघायलाही जायचा नाही.

त्या गाण्यातला सगळ्यात खालचा आवाज माझ्या नवऱ्याचा, जिलोचा. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून कॅन भरणारा तो. तळाला जिलोसारखा माणूस नाही, असं सगळे म्हणायचे. म्हणायला काय जातंय लोकांचं! नवरा माझा होता.

कुणाची गुरं कधी पितील हे ठरवणाऱ्याला आमच्यात बारीचा बाप म्हणतात. म्हाताऱ्यांनी मोलूला निवडलं तेव्हा मीच सगळ्यात जास्त हसले होते. लहानपणी दोन बकऱ्या दोन दिशांना गेल्या तर मध्ये उभा राहून रडणारं पोर हे! पण मनगटाची युक्ती त्यानं काढली, फोन बाभळीच्या फांदीला टांगायला लागला आणि कुणी म्हटलं "तुला किती वेळा फोन केला," तर सांगायचा, "झाडाला विचार." स्वतःची गुरं तो नेहमी शेवटी पाजायचा. त्याची बायको कबाले म्हणायची, "दुसऱ्याच्या घरी दिवा आणि आपल्या घरी अंधार. आमच्या गाईंना आता पाण्याचं नाव तरी आठवतंय का, बघायला हवं." तो हसायचा नुसता. त्याच्यावर कुणी बोट ठेवू नये यासाठी त्याची सगळी धडपड चालली होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्या वर्षी मोठा पाऊस आला नाही, मागून येणारा छोटाही आला नाही. आजूबाजूची तळी आटली, दोन विहिरी बसल्या, आणि सगळी दुनिया आमच्या विहिरीवर आली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! पाण्याला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही आमची रीत. फक्त कधी, एवढंच सांगता येतं. याबेलोच्या बाजारात दुकान असलेला बोनाया आपला अख्खा कळप घेऊन आला, चार पगारी गुराखी आणि स्वतः मोटारसायकलवर. सरहद्दीपलीकडून लोको नावाची म्हातारी आली, तिच्या मोजक्या गाई आणि त्यांच्याही बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मोलूच्या दगडाभोवतीची मनगटं दुप्पट झाली.

मी तेव्हा रोज विहिरीवरच असायचे. डोणींना तडे जायचे आणि ते ओल्या मातीनं लिंपायचं काम माझ्याकडे होतं. लिंपताना गाणं ऐकू यायचं. जिलोचा आवाज आला की हात चालायचे.

एके संध्याकाळी जिलो वर आला आणि दूध न पिताच बसून राहिला. धुरी दिलेल्या भांड्यातलं दूध त्याला जीव की प्राण, म्हणून मी विचारलं, "काय रे, अंगात कसर आहे का?"

"तळाची भिंत घामेजलीय," तो म्हणाला. "डाव्या हाताची. हात लावला की आत जाते."

"मोलूला सांगितलंस?"

"वर आल्या आल्या सांगितलं."

माझे सासरे अशाच भिंतीखाली गेले होते, दुसऱ्या विहिरीत. पण मी म्हटलं, मोलू आहे ना. तो बघेल.

आणि त्यानं बघितलं. हे मी त्याच्या बाजूनं सांगतेय. सकाळी गाणं सुरू व्हायच्या आधी तो स्वतः तळापर्यंत उतरला, कोपरापर्यंत चिखलानं भरून वर आला आणि मला म्हणाला, "ती बाजू पाडायला हवी, आक्का. पाडायची, गाळ उपसायचा, लाकडं लावायची. तोवर विहीर बंद."

"मग कर बंद."

"आज बोनायाचा कळप आलाय. लांबून आलाय. आजचा दिवस जाऊ दे."

आजचा दिवस! तो दिवस गेला. मग लोको म्हातारीची बारी. तिनं मोलूच्या हातात मनगट दिलं आणि म्हणाली, "बाबा, माझी एक गाय बसली तर परत उठणार नाही. तू म्हणशील तसं." आता तिला काय सांगणार? तोही दिवस गेला. मग गाभण गाईंचा दिवस. प्रत्येक जण खरंच बोलत होता, कुणाचंच खोटं नव्हतं, आणि मोलू प्रत्येकाला होय म्हणत होता. इकडे मी डोणीवर माती थापत बसायचे आणि गाण्यात जरा कुठे खंड पडला की माझा हात हवेत. कॅन बदलायला थांबले असतील, कुणी खोकला असेल. पण जिलोचा आवाज परत येईपर्यंत हात खाली यायचा नाही. घरी आले तर जेवण गोड लागेना. जिलोला म्हटलं, "उद्या जाऊ नकोस." तो म्हणाला, "मी नाही गेलो तर कोण जाईल, त्याचं नाव सांग, मग नाही जात." कुणाचं नाव घेणार होते मी?

शेवटी अरेरोबाबांनी सभा घ्यायला लावली. त्यांच्या पूर्वजांनी ही विहीर खणलेली, म्हणून तिचे धनी ते. आमच्यात सभा म्हणजे आधी लोण्यात तळलेली कॉफीची बोंडं, मग आशीर्वाद, मग ज्याला ज्याला तोंड आहे तो बोलणार, आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय कुणी उठणार नाही. मोलूनं भिंतीचं सांगितलं. बोनाया हसायला लागला.

"पाण्याच्या विहिरीत भिंत घामेजणार नाही तर काय धूळ उडणार?" तो म्हणाला. "मोलू, खरं सांग, भिंतीला घाम फुटलाय की तुला? तळाला तुझा मेहुणा आहे, म्हणून विचारतो."

काहीजण हसले. वाईट मनानं नव्हे, हसण्यासारखं होतं म्हणून हसले. मी बायकांत बसले होते, तिथून मला मोलूचं तोंड दिसलं. कानफटात बसावी तसं झालं होतं. "पाऊस येईपर्यंत जपून चालवू," एवढंच तो म्हणाला, आणि त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. "निदान तळाला दुसरा माणूस दे."

"दाजींना वर घ्यायचं आणि दुसऱ्याच्या नवऱ्याला खाली घालायचं? लोक तोंडावर थुंकतील माझ्या. आणि थुंकायलाच हवं."

"मग बंद कर रे बाबा!"

"ऐकलंस ना काल? बहिणीसाठी बंद केली म्हणतील. अख्खा हंगाम हेच म्हणतील, आणि मग माझी एकही बारी कुणी मानणार नाही. काठ्या निघतील इथे."

"अरे पण मी तुझी..." मी मनगट पुढे केलं.

त्यानं ते धरलं नाही. "आक्का, तू रांगेत नाहीस," म्हणाला आणि माझ्यामागच्या माणसाचं मनगट धरलं.

असा राग आला मला! उपऱ्याचं ऐकायला याला वेळ आहे, गावभरच्या वासरांची नावं याला पाठ, आणि सख्ख्या बहिणीला रांग! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी रडले नाही. डोणीपाशी जाऊन माती अशी आपटली की शेजारची बाई म्हणाली, "दाकी, डोण लिंपतेयस की फोडतेयस?"

त्याच दिवशी एक गोष्ट घडली. लोकोच्या गाई उतारावरून अशा चालल्या होत्या की एक पाऊल टाकायला त्यांना विचार करावा लागत होता. बोनायाच्या गुराख्यांना धीर निघेना, त्यांनी आपली गुरं मागून रेटली. मोलू ताडकन उठला आणि उताराच्या मध्ये काठी आडवी धरून उभा राहिला.

"ज्याची बारी त्याची वाट," तो ओरडला. असं ओरडताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. "तो पाजेल, नाहीतर आपल्या तोंडानं सोडेल. तोवर दुसऱ्याच्या गुराचं खूर इथे पडलं, तर विहिरीची शांतता मोडली म्हणून एक गाय दंड!"

बोनायाची गुरं मागे फिरली. मी चिखलाच्या हातांनी तशीच उभी. परवा माझी बारी होती.

जिलोला मी काही सांगितलं नाही. बारीच्या दिवशी सकाळी आमच्या गुरांचं पाणी काढायला तो खाली उतरायला निघाला तेव्हा मी म्हटलं, "थांब जरा, गुरं पोचू देत." गुरं घेऊन मी उतारावर आले, अर्ध्या वाटेत, जिथे दोन्ही बाजूंना माती उंच आहे आणि शेळीसुद्धा बाजूनं जाणार नाही, आणि तिथे खाली बसले. गाईंनी मला बघितलं. पुढे ओलाव्याचा वास येतोय आणि मालकीण मध्येच बसलीय, असं कधी होतं का? हंबरायला लागल्या. माझी तांबडी तर माझ्या खांद्याला तोंड घासायला लागली. तिच्या जिभेला ओल नव्हती. देवा, तुला सांगते, त्या क्षणी मी उठलेच होते.

"दाकी, चल की!" जिलोनं खालून हाक मारली.

"नाही पाजणार."

"काय?"

"बारी माझी आहे. पाजणार नाही आणि सोडणारही नाही. विहिरीतून सगळे वर या."

पहिल्यांदा हसले लोक. मग सूर्य वर चढला आणि हसणं थांबलं. मागे गुरांची रांग दूरच्या टेकाडापर्यंत गेली, धूळ, हंबरडे, शिव्या. बोनाया मोटारसायकल टाकून धावत आला.

"बाई, ही विहीर आहे, तुझं माहेर नव्हे!"

"माहेरच आहे. वर भाऊ बसलाय की माझा."

"वेड लागलंय हिला. जिलो, बायको आवर तुझी!"

जिलो खालच्या टोकाशी उभा होता. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता येईना. "बारी घराची आहे," तो एवढंच म्हणाला. "ती आज तिच्या हातात आहे."

लोको म्हातारीही आली. ती ओरडली नाही. माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "माझी एक बसलीय, पोरी." मी मान खाली घातली. मला पुन्हा सासऱ्यांचा चिखलानं भरलेला हात आठवला, भिंत उपसल्यावर निघालेला. मी उठले नाही.

मग मोलू आला. गर्दी आपोआप गप्प झाली. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं माझं मनगट धरलं. बोटं गार पडली होती त्याची, एवढ्या उन्हात.

"पाजणार?"

"नाही."

"बारी सोडणार?"

"नाही."

"कधीपर्यंत?"

"तू ती भिंत पाडेपर्यंत."

माझी नाडी त्याच्या बोटांखाली धडधडत होती. मग तो उभा राहिला आणि लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "ऐकलंत? बारी तिची आहे. ती सोडत नाही. मी माझ्याच बहिणीसाठी नियम मोडू का? सांगा, मोडू? बोनाया, तू सांग."

बोनायानं मागे रांगेतल्या आपल्या गुरांकडे बघितलं.

"मग दोर आणा," मोलू म्हणाला.

दोर आले, लांब पहारी आल्या. जिलो सवयीनं कमरेला दोर गुंडाळायला लागला. एवढं करून शेवटी हाच उतरणार होता! पण मोलूनं त्याच्या हातातून दोर काढून घेतला. "दाजी, तुम्ही वर." जिलो काही म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. मोलू उतरला. आता गाणं नव्हतं, खालून काहीच कळत नव्हतं, फक्त दोर धरलेल्यांचे हात दिसत होते. मी उतारावर बसून राहिले, उठले असते तर बारी सुटली असती. नवऱ्याला वाचवायला निघाले आणि भावाला खाली घातला, असं मनात आलं, आणि मी दोन्ही हातांनी तांबडीची शिंगं धरली.

त्यानं वरच्या कपारीत उभं राहून पहार खुपसली असेल नसेल, तेवढ्यात आवाज झाला. दणका नव्हे. मोठी गाय दमून खाली बसते ना, तसा. विहिरीच्या तोंडातून धुरळा आला. दोर धरलेली माणसं एक पाऊल पुढे ओढली गेली. मग त्यांनी ओढायला सुरुवात केली आणि मोलू वर आला, डोक्यापासून पायापर्यंत माती, डोळे तेवढे दिसत होते.

"तळ बुजला," तो म्हणाला. "माणूस उभा राहतो ती जागाच उरली नाही."

बोनायानं डोक्यावरची टोपी काढली आणि उगाचच झटकली.

गाळ उपसून, लाकडं लावून पाणी परत यायला जो वेळ लागला तो गुरांना जड गेला. माझी दोन वासरं गेली. लोकोची ती गाय उठली नाही, आणखी एकही गेली. मी तिच्यासमोर गेले, म्हटलं काय शाप द्यायचा तो दे. तिनं तंबाखू मागितली. चघळत चघळत म्हणाली, "गाय मागून मिळते. तुझा माणूस वाचला ना?" मोलूनं तिला आपल्या गोठ्यातली कालवड दिली, कबालेच्या तोंडाला न घाबरता. बोनायानंही एक दिली. त्याबद्दल तो कुणाशी बोलला नाही.

पाऊस पडून गेल्यावर मोलू आमच्याकडे आला होता. जिलो आणि तो चटईवर बसून दूध पीत होते. विहिरीवर आता कुणी नव्हतं, मोलूचा फोन त्याच्याच खिशात होता. मला वाटलं, आता विचारावं.

"खरं सांग," मी म्हटलं. "भिंत तू हातानं चाचपली होतीस. तुला ठाऊक होतं. मी नसते बसले, तर?"

त्यानं भांडं तोंडाला लावलं.

"बोल की! मनगट देऊ का?"

"तळाला दुसरा कुणी असता ना आक्का," तो म्हणाला, "कुणीही, बोनायाचा गुराखी जरी असता, तरी मी पहिल्याच सकाळी विहीर बंद केली असती. दाजी होते म्हणून उघडी ठेवली."

मी जिलोकडे बघितलं. वाटलं, हा आता उठेल, काहीतरी बोलेल, भांडं तरी आपटेल.

"मला माहीत होतं," जिलो म्हणाला. "म्हणून तर पहिल्या दिवसानंतर मी त्याला परत काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो आणखी कात्रीत सापडला असता."

दोघांनाही तिथल्या तिथे घराबाहेर काढावंसं वाटलं. पण मोलू रडत होता, आणि त्याचं भांडं रिकामं झालं होतं. मी त्यात दूध ओतलं.